विन्स्टनचं आडनाव स्मिथ का?

जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ साली आली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ. या नावाबद्दल समीक्षक बहुधा एवढंच सांगतात की, विन्स्टन म्हणजे चर्चिलची आठवण आणि स्मिथ म्हणजे कोणीही, सामान्य माणूस. हे चूक नाही. पण इथेच थांबलो तर कादंबरीतली एक मोठी गोष्ट हातून सुटते, असं आम्हाला वाटतं.

आधी आडनाव बघू. जुन्या इंग्रजीत स्मिथ म्हणजे धातू घडवणारा कारागीर. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल त्याच्याकडूनच यायचा. त्याच्यावाचून गावाचं चालत नसे, म्हणून जागोजागी हे नाव लागलं. पुढे आडनावं वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा लोहाराचा मुलगा पाव भाजू लागला तरी स्मिथच राहिला. आज इंग्लंडात आणि अमेरिकेतही सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच आहे. आपल्याकडे ‘लोहार’ म्हटलं की अजून धंदा आणि जात दोन्ही डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हटलं की कोणाचाच चेहरा येत नाही. म्हणून तर ओळख लपवून हॉटेलात उतरणारं जोडपं वहीत ‘मिस्टर आणि मिसेस स्मिथ’ लिहितं, असा जुना विनोद आहे.

आता विन्स्टन करतो काय ते बघा. सत्य मंत्रालयात बसून तो जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलतो. झालेला भूतकाळ ठोकून पक्षाला हव्या त्या आकारात आणतो. कधी जन्मलाच नाही असा कॉम्रेड ओगिल्वी नावाचा वीर तो कागदावर उभा करतो, तेही सफाईने. आयुष्यातला त्याचा सर्वांत मोठा आनंद या कामातच आहे, असं कादंबरी सांगते. म्हणजे हा स्मिथ खरोखरच घडवणारा आहे. चोरून रोजनिशी लिहितो ती त्याच हाताने.

लेखकाच्या मनात काय होतं हे आम्ही विचारत नाही; मजकूर काय करतो ते बघतो. ‘सामान्य माणूस बिचारा, त्याच्यावर फक्त अन्याय होतो,’ हे वाचन आपल्याला सोयीचं आहे, कारण त्यात आपण सगळे सुटतो. कादंबरी ती सूट देत नाही. विन्स्टनचा छळ होतो हे खरंच, पण ज्या यंत्रणेने तो होतो, तिचा खोटा माल रोज त्यानेच घडवलेला असतो. त्याच्याबद्दल कणव वाटत असतानाच हेही लक्षात ठेवावं लागतं, आणि ते जड जातं.