जांभ्याचं बारसं नेमकं कुणी केलं?

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या अंगाडिपुरमला जांभ्या दगडाचं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये हा दर्जा दिला. कारण असं की फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने हा लोहयुक्त दगड इथे पाहिला आणि १८०७ च्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट.

माझा आक्षेप या कारणालाच आहे. स्थानिक बोलींत या दगडाला ‘इटिका कल्लु’, म्हणजे वीट-दगड, म्हणतात हे बुकाननने स्वतःच नोंदवलंय. म्हणजे त्याने बारसं केलं नाही, भाषांतर केलं! आणि त्याच्या वर्णनातला सगळ्यात मोलाचा भाग खाणकामगारांचा आहे: दगड जमिनीत असेपर्यंत मऊ असतो, कुदळीने चौकोनी काढायचा, लगेच मोठ्या सुरीने किंवा थापीने आकार द्यायचा, कारण हवा लागली की तो विटेसारखा कडक होतो. आज आपण सांगतो की सुकताना त्यातली लोहाची संयुगं घट्ट बांधली जातात. पण घाई कधी करायची, हे खाणीतल्या माणसाला आधीच ठाऊक होतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये बसून याची उठाठेव कशाला? एक तर आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट हाच जांभ्याचा एक बाप. लाखो वर्षांच्या पावसात त्यातली सिलिका, चुना वाहून गेले, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरले. पाचगणीचं टेबललँड तसंच झालंय. दुसरं म्हणजे, इथल्या कारखान्यांत राबणाऱ्या कितीतरी कोकणी कुटुंबांची गावाकडची घरं चिऱ्याची आहेत.

कोकणातही तेच चाललंय. बारसू, उक्षी, कुडोपीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे चांगलंच झालं. पण ज्या सड्यावर ती कोरली, तोच सडा चिरेखाणीत कापला जातो, आणि आता बहुधा यंत्राच्या पात्याने. थर कसा ओळखायचा, कुठला चिरा भिंतीला आणि कुठला पायाला, हे हाताने चिरे काढणाऱ्यांना माहीत असतं. ते म्हातारे होत चाललेत. माझ्या मते खाणीचा वारसा म्हणजे आधी हेच, खड्डा नंतर.

अंगाडिपुरमच्या फलकावर माझं चाललं असतं तर पहिली ओळ ‘इटिका कल्लु’ची लिहिली असती, दुसरी कुदळीची. बुकानन तिसऱ्या ओळीत चालला असता.