विश्वासाचे खेळ आणि शिक्षकांचे मौन

शिक्षकांच्या कार्यशाळेचा पहिला तास आता जवळजवळ ठरून गेला आहे. सर्वांनी गोल करून उभे राहायचे; चेंडू ज्याच्या हाती येईल त्याने आपले नाव आणि एक आवड सांगायची. मग जोड्या पाडायच्या. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि दुसऱ्याने त्याला खुर्च्यांमधून वाट दाखवत न्यायचे. काही ठिकाणी तर डोळे मिटून मागे झोकून द्यायचे आणि सहकाऱ्यांनी झेलायचे. टाळ्या होतात, गटात आता विश्वास निर्माण झाला आहे असे जाहीर केले जाते आणि मुख्य विषयाला हात घातला जातो. हा दावा तपासून पाहावा असे आम्हाला वाटते. विज्ञान शिक्षकांच्या वर्गात या विश्वासावर बरेच काही अवलंबून असते.

किती अवलंबून असते, ते कळंबोलीतल्या एका वर्गात आम्हाला दिसले. कळंबोली म्हणजे सिडकोची वसाहत, शेजारी लोखंड बाजार आणि त्याची अखंड ट्रकवाहतूक. तिथे जमलेले शिक्षकही निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले होते: कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेतले, कोणी अनुदानित, कोणी विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाचे. खेळ छान रंगले. नंतर विद्युत मंडलाचा पाठ सुरू झाला. एक सेल आणि दोन सारखे बल्ब, एकसर जोडणीत. कोणता बल्ब जास्त प्रकाशेल? पुढच्या रांगेतून ‘दोन्ही सारखे’ असे उत्तर आले आणि सभागृहाने माना डोलावल्या. ‘समजले ना?’ ‘हो.’

जेवणाच्या सुट्टीत तीन-चार जणांनी आम्हाला वेगवेगळे गाठून हळूच विचारले, की पहिल्या बल्बने थोडा प्रवाह वापरला, तर दुसऱ्याला तेवढाच कसा मिळतो? प्रश्न फार चांगला आहे. प्रवाह वापरला जात नाही, ऊर्जेचे रूपांतर होते, हा भेद नेमका याच प्रश्नातून उलगडतो. सभागृहात तो विचारला गेला असता, तर दिवसभराचे काम त्या एका प्रश्नाने केले असते. पण पहिल्या रांगेत अधिकारी बसले होते. आणि जो प्रश्न शिक्षक कार्यशाळेत विचारू शकत नाही, तोच सातवीतल्या मुलाने वर्गात विचारला की उत्तर मिळते, ‘पुस्तकात आहे तसे लिही.’

सकाळचा खेळ दुपारी का उपयोगी पडला नाही? डोळे बांधून चालताना खुर्चीला ठेचकाळण्यापलीकडे धोका नव्हता. दुपारचा धोका ‘यांना एवढेही येत नाही’ असे ठरवले जाण्याचा होता. पहिल्या धोक्याचा सराव दुसऱ्याला कामी येईल, असे मानायला आधार नाही. त्यातून, दहा मिनिटांपूर्वी ओळख झालेल्या पुरुष सहकाऱ्याने हात धरून चालवावे हे एखाद्या शिक्षिकेला आवडले नाही, तरी सर्वांसमोर ‘नको’ म्हणणे सोपे नसते. जिथे नकार देता येत नाही त्या खेळाला विश्वासाचा खेळ म्हणणे आम्हाला विचित्र वाटते.

आम्ही मानसशास्त्राचे अभ्यासक नव्हे. पण या विषयावर प्रयोग झालेले आहेत आणि ते शिक्षकांनी वाचण्याजोगे आहेत. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेला प्रयोग साधा होता. तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, इतकेच सांगायचे. गटातले बाकीचे लोक मात्र आधी शिकवल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांसमोरचे नाकारून गटाची री ओढली. पण गटातल्या एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी री ओढण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावरून पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरले! कार्यशाळेतला हा ‘एकजण’ कोण होणार, हा प्रश्न आम्हाला चेंडूफेकीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरा अभ्यास ॲमी एडमंडसन यांचा, १९९६ सालचा. रुग्णालयांतील गटांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुका त्यांनी तपासल्या. ज्या गटांचे नेतृत्व चांगले, तिथेच चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत असतील असे नव्हे, त्या मोकळेपणी सांगितल्या जात होत्या, असा त्यांचा निष्कर्ष. चूक सांगितल्यावर पुढे काय होते ते लोक पाहतात आणि त्यावरून पुढच्या वेळी बोलायचे की नाही ते ठरवतात. (प्रशिक्षणात हमखास काढल्या जाणाऱ्या ‘जोहरी खिडकी’चा हिंदी जौहऱ्याशी संबंध नाही. जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांच्या नावांवरून १९५५ मध्ये ते नाव पडले. फळ्यावर चार चौकोन काढून कोणाची खिडकी उघडलेली आम्ही अजून पाहिलेली नाही.)

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) पाहावे. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका आहेत. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवलेल्या आहेत. अभ्यासगटात फक्त चर्चा होते, निर्णय होत नाही. म्हणून तिथे अर्धवट शंकाही मांडता येते, बाहेरच्यांनाही बोलता येते. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. एखाद्याचा विरोध मतदानाने झोपवला जात नाही. आमच्या कार्यशाळांत याच्या उलट घडते. शिकणे आणि जोखले जाणे एकाच सभागृहात, एकाच वेळी चालते.

नावे कळावीत म्हणून चेंडू फेकायला आमची हरकत नाही; दहा मिनिटे पुरेत. उरलेला वेळ आम्ही असा वापरू. बल्बचा प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि प्रत्येकाने आपला अंदाज नाव न लिहिता चिठ्ठीवर द्यायचा. चिठ्ठ्या मोजून आकडे फळ्यावर मांडायचे. आपल्यासारखाच अंदाज आणखी कोणाकोणाचा आहे हे दिसले, की ॲशच्या प्रयोगातला तो सोबती आपोआप मिळतो. मग चौघांचा एक गट करून वाद घालायचा आणि त्यानंतरच बल्ब जोडायचे. अंदाज चुकला तर तो का पटला होता, हे चुकलेल्याकडूनच ऐकायचे, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात जाणार नाही हे आधीच सांगायचे. पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्यांना तिथून उठवून एखाद्या गटात बसवावे आणि एक कोरी चिठ्ठी त्यांनाही द्यावी.