पुनर्रचनाक्षम कारखाना: सहा लक्षणे आणि एक उणीव

मोटारीच्या इंजिनाचे सिलिंडर हेड तयार करणारा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. वर्षाला लाखो नग लागणार असतील तर त्या एकाच भागासाठी बांधलेली यंत्रमालिका परवडते. तिच्यात अनेक हत्यारे एकाच वेळी कापतात. म्हणून वेग मोठा आणि नगामागे खर्च कमी. पण मागणी बदलली की हीच मालिका पांढरा हत्ती ठरते. दुसरा मार्ग संगणक-नियंत्रित म्हणजे सीएनसी यंत्रांचा. ती नाना प्रकारचे भाग करू शकतात. मात्र सहसा एका वेळी एकच हत्यार चालते, आणि कधीही न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे मोजावे लागतात.

या दोहोंमधला मार्ग १९९९ मध्ये 'ॲनल्स ऑफ द सीआयआरपी' या नियतकालिकातील एका निबंधाने मांडला. मिशिगन विद्यापीठातील योराम कोरेन आणि त्यांचे सहा सहलेखक यांची ही मांडणी. एकमेकांशी साम्य असलेल्या भागांचे एक कुटुंब ठरवावे, त्या कुटुंबापुरतीच लवचिकता ठेवावी आणि मागणीप्रमाणे यंत्रे व यंत्रांचे घटक जोडावेत वा काढावेत, असे तिचे सार आहे. या विचाराची पुढे सहा लक्षणे रूढ झाली: सुटे घटक, त्यांची सुलभ जोडणी, मर्यादित लवचिकता, क्षमतेतील वाढ-घट, रूपांतर आणि दोषनिदान.

आमच्या मते यातील सर्वांत मोलाचे लक्षण मर्यादित लवचिकतेचे आहे. 'सर्व काही करणारे यंत्र' हा मोह या मांडणीने टाळला. मिशिगन येथेच बनविलेल्या कमानीच्या यंत्रात हे स्पष्ट दिसते. त्याचा फिरता दांडा कमानीवर सरकवून पाच ठरावीक कोनांत बसविता येतो. वेगवेगळ्या उताराच्या पृष्ठभागांसाठी एवढा बदल पुरतो.

सुट्या घटकांविषयी मात्र पुष्कळदा फार सोपे बोलले जाते. मुलांच्या मेकॅनोत सांधा थोडा ढिला राहिला तरी पूल उभा राहतो. धातू कापणाऱ्या यंत्रात प्रत्येक नवा सांधा ताठरपणा कमी करू शकतो. त्यातून कंपने वाढतात आणि मिलिमीटरच्या शतांश भागाची अचूकता हातची जाते. घटक तासाभरात बदलता येतील, पण पहिला निर्दोष नग केव्हा निघेल? दोषनिदानाला सहा लक्षणांत स्थान देऊन कोरेन यांनी हा प्रश्न ओळखला, हे मान्य केले पाहिजे.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. या सहा लक्षणांत माणूस नाही. २०२० च्या साथीत अमेरिकेतील कोकोमो येथे जनरल मोटर्सने आपल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या कारखान्यात व्हेंटेक या कंपनीसह कृत्रिम श्वसनयंत्रे बनविली. एप्रिलमध्ये सुरू झालेले ३०,००० यंत्रांचे काम ऑगस्टअखेर पूर्ण झाले. ते मुख्यतः हातांनी जोडणी करण्याचे होते. सरकारी मागणीला दिलेला इतका वेगवान प्रतिसाद क्वचितच दिसतो. आणि तो शक्य झाला तो सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या जाळ्यामुळे आणि नव्याने शिकविलेल्या शेकडो कामगारांमुळे. जोडणी आणि धातुकाम यांत फरक आहे, हे खरे. तरीही कारखान्याचे रूप पालटताना शिकण्याला लागणारा वेळ हिशेबात धरलाच पाहिजे, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

शिक्षकांना हे वर्गातही दाखविता येईल. सहा विद्यार्थ्यांची साखळी करून कागदी पाकिटे बनवावीत: एकाने आखावे, दुसऱ्याने कापावे, तिसऱ्याने दुमडावे, याप्रमाणे. काम सुरळीत झाले की पाकिटाचे माप बदलावे. पट्टी आणि साचा बदलण्यास किती वेळ लागला, हे एकाने नोंदवावे. सलग दहा पाकिटे बिनचूक निघेपर्यंत किती वेळ गेला, हे दुसऱ्याने. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे हातांनी नवे माप शिकायला घेतलेला वेळ.

पुनर्रचनाक्षम कारखान्याची कल्पना आम्हांस उपयुक्त वाटते. परंतु ज्या आराखड्यात यंत्राच्या प्रत्येक घटकाची किंमत लिहिलेली असते आणि कामगाराच्या शिक्षणाचा रकाना कोरा असतो, तो आराखडा अपुरा आहे. तंत्रशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला एक यंत्र चालविण्याबरोबरच बदललेले यंत्र तपासून पुन्हा अचूक करण्याचे ज्ञान मिळाले, तर तो रकाना भरण्यास सुरुवात होईल.