गाव एक होतं तेव्हा

'गाव करी ते राव न करी' ही म्हण मराठी माणूस अभिमानाने सांगतो. एकट्या श्रीमंताला जे झेपत नाही, ते चार घरं एकत्र आली की होऊन जातं. विहिरी अशाच खोदल्या गेल्या, देवळं आणि तालमी अशाच उभ्या राहिल्या. पण गाव एक झालं की आणखीही बरंच काही करतं. एखाद्याचं पाणी तोडतं, एखाद्या घराला वाळीत टाकतं. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो गावकीच्या आणि भावकीच्या या दुसऱ्या ताकदीमुळेच. मराठी सिनेमा गेली ८० हून अधिक वर्षं या दोन ताकदींच्या मध्ये उभा आहे. त्याने काय पाहिलं आणि त्याचं काय पाहायचं राहिलं, हे त्याच्या पडद्यावरच्या गर्दीकडे नीट पाहिलं की कळतं.

पहिली गर्दी नाचणारी आहे. १९४१ साली 'प्रभात'ने काढलेल्या 'शेजारी'त व्ही. शांताराम यांनी मास्टर कृष्णराव यांच्या चालीवर सगळं गाव नाचवलं. अंधारात उजेडाच्या रेषा हलतात आणि कोण कुणाचा, हे ओळखू येत नाही. विश्राम बेडेकरांच्या या कथेत जिवबा पाटील आणि मिर्झा हे जिवाभावाचे शेजारी. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी त्या भूमिका केल्या. धरण बांधायला आलेला ओंकार या दोघांत पाचर मारतो, मनं फाटतात, आणि शेवटी फुटत्या धरणावर दोघांचे हात पुन्हा एकमेकांत गुंततात. स्वतंत्र मुस्लिम राष्ट्रांच्या मागणीचा लाहोरचा ठराव नुकताच, १९४० मध्ये झाला होता. अशा वेळी हा चित्रपट काढायला धैर्य लागलं, आणि ते धैर्य आजही जाणवतं. मात्र त्याचं गाव मुळात निर्मळ आहे. दुष्टपणा बाहेरून येतो, गाडीत बसून, कंत्राट घेऊन. गावाच्या आत आधीपासून काही सडलेलं असेल, ही शंका चित्रपटाला शिवत नाही.

ती शंका पुढे 'सामना'ने घेतली. डॉ. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर साधारण पंचवीस वर्षांनी तो आला आणि १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पोचला. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा गावाचं भलं करणारा माणूस आहे. कारखाना आहे, हाताला काम आहे, गाव त्याला दुवा देतं. डॉ. श्रीराम लागू यांचा दारूत बुडालेला मास्तर या सुबत्तेत येऊन पडतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच विचारत राहतो.

या चित्रपटाचं मोठेपण गावाच्या गप्प बसण्यात आहे. मास्तर ज्याला विचारतो तो नजर चुकवतो, विषय बदलतो, उठून जातो. गावाला धाकात धरायला हिंदुरावाला रोज काठी उगारावी लागत नाही. ज्याच्या उसाला कारखाना आहे आणि ज्याच्या पोराला नोकरी आहे, तो आपणहून गप्प राहतो. विकासाची किंमत एका कांबळेने मोजली, बाकीच्यांनी ती मान खाली घालून मान्य केली. सहकाराच्या भरभराटीच्या काळात हे दाखवणं सोपं नव्हतं.

उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'मध्ये (२०११) धाकाची जागा उत्साह घेतो. मंगरूळ गावात केशाला औदुंबराखाली दत्ताचा साक्षात्कार होतो. गिरीश कुलकर्णी यांनी केशा असा केला आहे की त्याच्या भाबडेपणाचं कधी हसू होत नाही. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा गावात दवाखाना व्हावा म्हणून झटतात, पण गावाला देऊळ हवं आहे. मग दुकानं लागतात, पैसा खेळतो, कालपर्यंत पारावर बसून असलेल्या पोरांना कामधंदा मिळतो. नाना पाटेकरांनी केलेले पुढारी 'भाऊ' वारा पाहून पाठ फिरवतात. इथे कुणी कुणावर जुलूम करत नाही. सगळे खूश आहेत, आणि म्हणूनच 'थांबा' म्हणायला जागा उरत नाही. आपल्याच देवाला आपणच पारखे झालो, हे उमगलेला केशा मूर्ती उचलून नदीत विसर्जित करतो. गाव नवी मूर्ती आणून बसवतं. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक 'ब्यारी'सोबत 'देऊळ'ला विभागून मिळालं.

आणखी एक गर्दी कुंपणाशी उभी राहून बघणारी आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) कैकाडी समाजातल्या कचरूवर, म्हणजे किशोर कदम यांच्यावर, गावातली डुकरं पकडायचं काम येतं. घरादाराला त्यात उतरावं लागतं. कचरूच्या शाळकरी मुलाला, जब्याला, त्याची शाळा पाहते आहे, ज्या शालूवर त्याचा जीव आहे ती पाहते आहे. लोक जमतात, खिदळतात. डुक्कर आता हाती लागणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निवांत निसटून जातं. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते. भिंतीवर आंबेडकर, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. मंजुळे काही सांगत नाहीत. 'शेजारी'च्या नाचात ज्या गावात माणूस ओळखू येत नव्हता, त्या गावात इथे कोण कुठे उभा आहे हे एका दृष्टिक्षेपात कळतं.

'सैराट'ने (२०१६) याला आणखी एक पदर जोडला. बिटरगावच्या पाटलाचा मुलगा प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवतो. पण जाच फक्त वरून येत नाही. नायक परश्याच्या वडिलांना स्वतःच्याच जातपंचायतीपुढे हात जोडावे लागतात. ज्यांना गाव दाबतं त्यांच्यातही एक छोटं गाव असतं आणि त्याचेही नियम असतात, हे इतक्या स्पष्टपणे मराठी पडद्यावर क्वचितच आलं आहे.

या वाटचालीचा अभिमान वाटायला हवा. तरीही एक मोठी जागा रिकामी आहे. 'सामना'पासून 'सैराट'पर्यंत एकजुटीचं रूप काळवंडत गेलं आणि बदल ही एकट्याची गोष्ट झाली. मास्तर एकटा, केशा एकटा, 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगडही एकट्याचा. प्रत्यक्षातल्या महाराष्ट्रात मात्र काही गावं एकत्र येऊनच बदलली. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी स्वीकारली, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असं ठरवलं आणि दुष्काळी शिवारात पाणी आणलं. त्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीत दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, हे अण्णा हजारे यांनी स्वतः सांगितलं आहे. दारू सुटली, घरं सावरली, बायकांच्या जिवाला स्वस्थता आली. आणि तो खांबही खरा होता.

हा पेच सिनेमासाठी अस्सल सोनं आहे, कारण इथे खलनायक शोधून भागत नाही. अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' (१९९५) त्याच्या अगदी जवळ गेला होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीतला कोवळा मास्तर मेंढपाळांच्या वाडीला एकत्र आणून तालीम बांधायला लावतो, लोकांचे हात त्या भिंतींना लागतात. पण मग दुष्काळ येतो, मेंढरांसोबत माणसं पांगतात आणि एकजुटीची खरी परीक्षा व्हायच्या आधीच वाडी ओस पडते.

ज्या चित्रपटाची वाट पाहावी असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणता येतो. देवळापुढच्या मंडपात ग्रामसभा भरली आहे. यंदा कुणीही ऊस लावायचा नाही, असा ठराव वाचला जातो. ठराव योग्य आहे, विहिरींची पातळी सगळ्यांना माहीत आहे. हात भराभर वर जातात. मागच्या सतरंजीवर एक बाई हात मांडीवर ठेवून बसली आहे, तिच्यावर सोसायटीचं कर्ज आहे. शेजारीण तिच्याकडे वळून पाहते, मग पुढची, मग तिच्या पुढची.