नाव एकाचं, काम किती जणांचं? चिक चॉकलेट आणि ‘अलबेला’

आमच्या बिलोलीत वरातीच्या बँडनं ‘शोला जो भडके’ वाजवायला घेतलं की म्हातारी माणसंसुद्धा ठेका धरतात. गाणं कुणाचं, असं विचारलं तर उत्तर एकच येतं: सी. रामचंद्र. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. पेपरवर कुणाचं नाव कुठं, हा प्रश्न उद्या तुमच्यापुढंही येणार आहे, म्हणून हे लिहितोय.

‘अलबेला’ (१९५१) मध्ये रामचंद्रांच्या हाताखाली चिक चॉकलेट होते. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट वाजवायचे, मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा जाझ बँड चालवायचे. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. गोव्याच्या वादकांना चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकायला मिळायचं. त्यामुळं संगीतकारानं चाल दिली की कोणतं वाद्य कधी काय वाजवणार, हे कागदावर उतरवायचं काम बऱ्याचदा त्यांच्याकडं यायचं.

आता काही जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘पाश्चात्त्य ढंगाची गाणी खरं तर चिकचीच.’ मला हे पटत नाही. चाल, वाद्यरचना आणि प्रत्यक्ष वादन ही तीन वेगळी कामं आहेत. ब्रासमध्ये जाझ ऐकू येतो, एवढ्यावरून चाल कुणाची ते ठरत नाही. हा पुरावा नाही, अंदाज आहे.

ताडून बघायचं तर ‘नादान’ (१९५१) ऐका. तिथं संगीतकार म्हणून नाव चिक यांचंच. तलत महमूदनं गायलेलं तसबिरीचं गाणं संथ, हळुवार आहे. हॉटेलातल्या नाचाचा त्यात मागमूस नाही. म्हणजे ‘चिक म्हणजे फक्त जाझ’ हे गृहीतकच कोसळतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली खरी हानी इथं आहे. चाल बांधू शकणाऱ्या माणसाच्या वाट्याला संगीतकार म्हणून मोजकेच चित्रपट आले. १९६७ साली ते गेले.

‘अलबेला’मधल्या एका गाण्यात ते बँडसकट पडद्यावर दिसतात. चेहरा दिसतो, पण काम किती ते कळत नाही.

तेव्हा मित्रांनो, प्रबंध लिहिताना कुणी काय केलं हे वेगवेगळं नोंदवा. श्रेय खाऊ नका, आणि पुराव्याशिवाय वाटूही नका.