भार वाहणाऱ्या मूर्ती : त्रिरश्मी लेण्यांतील एक प्रश्न

प्राचीन ग्रीक व रोमन कलावंतांनी अमूर्त कल्पनांना मानवी देह दिला. विजय ही पंख असलेली नीके झाली, नगराचे भाग्य ही तटबंदीचा मुकुट घातलेली टायकी झाली आणि आकाशाचे ओझे अॅटलासच्या खांद्यावर आले. या मूर्तींपैकी काही बौद्ध शिल्पात शिरल्या, याविषयी अभ्यासकांत आता दुमत नाही. गांधार शिल्पात तथागतांचा रक्षक वज्रपाणी अनेकदा हेराक्लिसच्या रूपात उभा असतो आणि स्तूपांच्या जोत्याला अॅटलास खांदा देतात. मतभेद आहे तो श्रेयाविषयी. फ्रेंच पंडित फूशे यांनी बुद्धमूर्तीचे जनकत्व ग्रीकांना दिले. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली मथुरेच्या देशी यक्षपरंपरेचा दाखला देऊन त्यांना उत्तर दिले.

आमच्या मते या वादात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला : मूर्ती आली कोठून? ती येथे कोणते काम करते आणि कोणासाठी करते, हा प्रश्न मागे पडला. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तेथे, हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

लेणे क्रमांक ३ च्या व्हरांड्याखाली दगडात कोरलेल्या तुळया आहेत. धिप्पाड गण जमिनीतून अर्धे वर येऊन त्या तुळया खांद्यावर पेलताना दिसतात. पाहणाऱ्याला ग्रीक भारवाहक मूर्तींची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु साम्य येथेच थांबते. अॅटलासचा भार ही शिक्षा आहे. देवांविरुद्ध लढून तो हरला. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस सांगतो की, स्तंभाच्या जागी उभ्या केलेल्या स्त्रिया म्हणजे शत्रूला मिळालेल्या कॅरिए नगरीच्या दासी होत. त्यांची मानहानी पुढील पिढ्यांनाही दिसत राहावी म्हणून त्यांच्या मस्तकी छत ठेवले. ही कथा इतिहास म्हणून खरी असो वा नसो, रोमन मनाने भारवाहक मूर्तीचा अर्थ कसा लावला हे तिच्यावरून कळते. जो हरला त्याने भार वाहायचा.

त्रिरश्मीवर हा अर्थ कोरण्यास पुरेपूर निमित्त होते. याच लेण्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील लेख आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला शक, यवन व पहलव यांचा निःपात करणारा आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हणून गौरविले आहे. हे लेणे भदायनीय भिक्षुसंघाला दिलेले दान होय. संघाला दिलेल्या वास्तूवर वर्णव्यवस्थेची बढाई कोरली गेली, ही विसंगती आपण झाकून ठेवू नये. तथापि शिल्पकाराने खाली जखडलेला यवन वा शक कोरला नाही. त्याने गणच कोरले, आणि गण ही या मातीतील जुनी प्रतिमा आहे. पितळखोऱ्याचा यक्ष डोक्यावर पात्र घेऊन हसतो आहे. त्याच्या हातावर त्याला घडविणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. ओझे आहे, पण पराभव नाही. आणि श्रम करणाऱ्याचे नाव दगडावर राहिले आहे.

त्याच डोंगरावर काही पावलांवर क्रमांक १७ चे लेणे आहे. ते कोरविले इंद्राग्निदत्त याने. लेखात तो स्वतःला धम्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील दातामिती नगरीचा योनक, म्हणजे यवन म्हणवितो. आईवडिलांसाठी व सर्व बुद्धांच्या पूजेसाठी त्याने लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवून, पुत्र धम्मरखित याच्यासह, भिक्षुसंघाला अर्पण केली. येथे आपण अॅटलास किंवा हेराक्लिस शोधू लागलो तर निराश होऊ. स्तंभशीर्षांवर हत्ती व त्यांचे स्वार आहेत, शेजारच्या लेण्यांत शोभतील असेच. यवन आला, त्याची दैवते बरोबर आली नाहीत, आणि त्याला आपले यवनत्व लपवावेही लागले नाही.

म्हणून ‘ग्रीक प्रभाव’ हे शब्द नाशिकपुरते तरी अपुरे आहेत. गांधारात मूर्ती आल्या व त्यांचे काम बदलले : पूजेचा देव तथागतांचा सेवक झाला. नाशिकला माणूस आला आणि दायक झाला. एका लेण्याचा लेख यवनांच्या संहाराचा अभिमान बाळगतो, दुसऱ्याचा लेख यवनाचे दान सांगतो. दोन्ही दाने संघाने स्वीकारली. पुढे लोकस्मृतीने या डोंगराला पांडवांचे नाव दिले, त्यात बलश्रीही हरवली आणि इंद्राग्निदत्तही.

या लेण्यांचे अध्ययन करणाऱ्या आपल्या तरुणांनी शैलीची वंशावळ जरूर शोधावी. परंतु प्रत्येक मूर्तीसमोर आणखी एक गोष्ट विचारावी : हा भार याच्यावर कोणी ठेवला, की त्याने तो आपण होऊन उचलला? त्रिरश्मीवर लेख आणि शिल्प नेहमी एकच उत्तर देत नाहीत, आणि दोन्ही वाचल्याखेरीज हा डोंगर वाचला असे म्हणता येणार नाही.