मानकामागचा न छापलेला हिशेब

सरकारी राजपत्रातला मजकूर समीक्षेच्या कसोटीला लावावा का? माझ्या मते लावावा. त्यात काय छापले आणि काय गाळले, यावर लोकांचा पैसा पुढे वर्षानुवर्षे कुठे जाणार हे ठरत असते. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१५ मध्ये मोटारींच्या इंधनवापराचे मानक अधिसूचित केले. पहिला टप्पा २०१७-१८ पासून, दुसरा २०२२-२३ पासून. हरितगृह वायूंच्या भाषेत सांगायचे तर, कंपनीने वर्षभरात विकलेल्या मोटारींच्या सरासरीवर आधी किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आली, नंतर ११३ ग्रॅमची.

या मजकुराचा गाभा म्हणजे एका ओळीचे सूत्र. दुसऱ्या टप्प्यात सरासरी मोटारीचे वजन ११४५ किलो धरले असून तिला १०० किलोमीटरला ४.७७ लिटर इंधनाची मुभा आहे. वजन १०० किलोने वाढले की मुभा ०.२ लिटरने वाढते. पहिल्या टप्प्यात हेच वजन १०३७ किलो होते. म्हणजे मोटारी जड होत जाणार, हे मानकाने आधीच मान्य केले. मोटार हलकी करून इंधन वाचवणाऱ्या कंपनीची मर्यादा मात्र त्याच सूत्राने कडक होते.

सूत्र छापलेले आहे. पण मर्यादा ११३ च का, १०५ किंवा १२० का नाही, याचा खर्चाचा हिशेब अधिसूचनेत नाही. हा हिशेब मांडण्याची एक रीत आहे. इंजिन, गिअरबॉक्स सुटे करून प्रत्येक भागाची किंमत काढायची. उत्पादन वाढल्यावर ती किती उतरेल याचा अंदाज बांधायचा. त्यावर कारखान्याचा वरखर्च आणि नफा चढवायचा. शेवटी इंधनाची बचत वजा करायची. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी गृहीत धरलेले असते.

गृहीतक बदलले की काय होते, ते अमेरिकेत दिसले. तिथल्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये २०२५ पर्यंतची मानके परवडण्यासारखी आहेत असा निर्वाळा दिला. एप्रिल २०१८ मध्ये त्याच संस्थेने तो फिरवला. २०२० मध्ये वर्षाला सुमारे ५ टक्क्यांची सुधारणा १.५ टक्क्यांवर आणली गेली. या काळात सरकार बदलले होते आणि हिशेबही. पण तो हिशेब खुला असल्यामुळे अभ्यासकांनी २०१८ मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात त्याची चिरफाड केली. मानक सैल केल्यावर मोटारी स्वस्त होतील आणि तरीही रस्त्यावरच्या मोटारींची संख्या घटेल, असा उलटा निष्कर्ष त्यात होता. आपल्याकडे असा दोष असला तर तो पकडायचा कुठे?

मी मोहोळमध्ये बसून हा हिशेब मांडून पाहिला. ११४५ किलोच्या मोटारीला पहिल्या टप्प्याचे सूत्र ५.७५ लिटर देते, दुसऱ्याचे ४.७७. फरक जवळजवळ एका लिटरचा. पेट्रोल १०० रुपये लिटर धरू आणि नव्या तंत्राने किंमत २० हजारांनी वाढली असे समजू. वर्षाला १० हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होतात. ५ हजार चालवणाऱ्याला चार वर्षे लागतात. पण हीच मोटार पुढे सेकंडहँड होऊन आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी येते. बचतीचा मोठा वाटा दुसऱ्या मालकाला मिळतो आणि नव्या तंत्राच्या दुरुस्तीचा खर्चही त्याच्याच गळ्यात पडतो. अमेरिकी मॉडेलमध्ये नवी मोटार घेणारा अडीच वर्षांचीच बचत मोलाची मानतो, असे धरले जाते. तेवढ्यावरच मानक ठरवले तर दुसऱ्या मालकाचा नफाही दिसत नाही आणि तोटाही. शिवाय हा एक लिटर चाचणीयंत्रावरचा, रस्त्यावरचा नव्हे. पुणे-सोलापूर महामार्गावर हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि घरोघरची मोटारसायकल तर या मानकात बसतच नाहीत.

खर्च उघड केला तर कंपन्यांची गुपिते फुटतील, असा आक्षेप येईल. तो मला पटत नाही. बाजारातून विकत घेतलेली मोटार खोलून तिची किंमत काढता येते; त्यासाठी कंपनीची वही लागत नाही. १९६६ पासून पुण्यात वाहनसंशोधनाची ‘एआरएआय’ ही संस्था आहे. हे काम जमेल असे हात महाराष्ट्रातच आहेत.

२०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्याच्या मसुद्यावरून, लहान मोटारींना सवलत द्यावी की नाही, असा वाद २०२५ मध्ये वाहन उद्योगातच पेटला. या वादात कोण खरे, हे ठरवायला वाचकाच्या हाती हिशेब हवा. सूत्राच्या शेजारी तो छापला जात नाही, तोवर हे मानक अर्धेच लिहिलेले आहे असे मी म्हणेन.